फॉर्म भरण्याआधी दुर्गच्या कोर्टात तीन दिवस

एप्रिलचा पहिला आठवडा होता. जेवणं उरकली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या फायली टेबलावर लावत होते. तेवढ्यात शेजारच्या वहिनी मुलीला पुढे घालून आत आल्या. मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. दोन वर्षं तिने भिलाईच्या सिव्हिक सेंटरला जेईईचा क्लास केला आणि शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर आईला सांगितलं, इंजिनिअरिंग नको, मला लॉ करायचंय. वहिनींना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. "तोंडाने कुणाला हार जात नाही ही. घरात सगळ्यांना गप्प करते. वकीलच शोभेल, नाही का हो ताई?"

दुर्गच्या जिल्हा न्यायालयात वकिली करायला लागून मला तीस वर्षं होत आली. दर उन्हाळ्यात हे वाक्य माझ्या घरी येतं, कधी आईच्या तोंडून, कधी मामाच्या. भिलाई हे मुलांना इंजिनिअर करण्यासाठी रात्रंदिवस जागणारं गाव आहे. पोलादाचा कारखाना इथे आधी आला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं, त्यामुळे आमच्या सेक्टरांतल्या घरांत दहावीनंतर मुलाला आयआयटीची वाट दाखवायला कुणाला विचार करावा लागत नाही. त्या वाटेवरून कुणी उतरलं की घरच्यांना कारण हवं असतं, आणि कायद्यासाठी हाताशी असणारं कारण म्हणजे मुलाचं तोंड.

मी वहिनींना माझी डायरी दाखवली. त्या दिवशी, मंगळवारी, माझ्या नावावर अकरा प्रकरणं होती. सातांत पुढची पेशी मिळाली. दोनांत साक्षीदार आलाच नाही. एकात मी एका पटवाऱ्याची उलटतपासणी घेतली आणि एकात अंतरिम अर्जावर युक्तिवाद केला. न्यायाधीशांसमोर मी दिवसभरात बोलले ते सगळं मिळून पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांसाठी आदल्या रात्री तीन तास आणि सकाळी दोन तास वाचलं होतं, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात चार तास वाट पाहिली होती. माझ्या पक्षकारांचं बोलणं ऐकण्यात किती वेळ गेला ते मी मोजलंच नाही.

"तोंडाचं मला सांगू नका," मी वहिनींना म्हटलं. "हिला ऐकता येतं का? चाळीस पानं सलग वाचून त्यातली खोच सापडते का? ते मलाही बघायचंय आणि हिलाही बघू दे. उद्यापासून तीन दिवस ही माझ्याबरोबर येईल."

कोर्टात जायला वकील असावं लागतं किंवा भांडण असावं लागतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. आपल्या देशातलं न्यायालय हे उघडं न्यायालय असतं. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रक्रिया संहितांत तसं लिहिलेलं आहे. बलात्काराच्या खटल्यांसारखी काही प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि न्यायाधीश एखाद्याला बाहेर जायला सांगू शकतात. बाकी वेळी जागा असेल तिथे कुणीही नीट बसावं, फोन बंद ठेवावा आणि ऐकावं. पाच वर्षं आणि लाखो रुपये घालण्याआधी ही फुकटची खुर्ची फार थोडी मुलं वापरतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला शस्त्रक्रिया पाहायला मिळत नाही. वकील व्हायला निघालेल्याला वकिली पाहायला मिळते.

पहिल्या दिवशी जी. ई. रोडने दुर्गला जाताना ती मुलगी उत्साहात होती. दुपारपर्यंत तिचा चेहरा उतरला. सिनेमातलं कोर्ट आणि हे कोर्ट यांत काही साम्य नव्हतं. एका खोलीत रीडर फायलींचा ढीग उलटत नावं पुकारत होते. कुणाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता, कुणाचा समन्स बजावला गेला नव्हता. एका बाईची साक्ष चालू होती. ती छत्तीसगढीत बोलत होती, न्यायाधीश ते हिंदीत सांगत होते, संगणकावर बसलेला लिपिक ते टाइप करत होता, आणि बाईच्या एका लांब वाक्याचे तीन शब्द कागदावर उतरत होते. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मावशी, ती हे नव्हती म्हणाली." मी तिला गप्प केलं, पण मला बरं वाटलं.

भाषेचा हा प्रश्न फॉर्म भरण्याआधीच नीट पाहून घ्यावा. आमच्याकडे पक्षकार छत्तीसगढी बोलतो, खालच्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं, बिलासपूरच्या उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो, आणि घरी येऊन मी मराठीत विचार करते. महाराष्ट्रातून लग्न होऊन इथे आलेल्या बायका सातबारा शोधतात. इथे बी-वन आणि खसरा असतो, आणि शेतकऱ्याच्या पिशवीत ऋण पुस्तिका. एकाच वस्तूची चार नावं डोक्यात ठेवून त्यातलं कायद्याला चालणारं नाव कोणतं, हे ठरवण्यात अर्धी वकिली जाते. या बाबतीत दुर्गचा एक पूर्वज मला फार जवळचा वाटतो. घनश्यामसिंह गुप्त हे इथले वकील. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेचे ते अध्यक्ष होते, संविधान सभेचे सदस्य होते, आणि राज्यघटनेचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. एका जिल्ह्याच्या गावातल्या वकिलाने देशाच्या कायद्यासाठी शब्द शोधत बसावं, हे मला कुठल्याही गाजलेल्या युक्तिवादाहून मोठं काम वाटतं. ज्या मुलाला शब्दाचा अर्थ हलला की अस्वस्थ वाटतं, त्याने कायद्याकडे जरूर यावं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नये, पण ते पक्कं करायची तयारी हवी. वरच्या कोर्टात आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत त्याला पर्याय नाही.

मी स्वतः कायद्याकडे कशी वळले, हे त्या मुलीने परतीच्या वाटेवर विचारलं.

माझे वडील 1962 साली तुमसरहून भिलाईला आले आणि रेल मिलमध्ये लागले. मी सेक्टरात वाढले. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे शंकर गुहा नियोगी यांना हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत गोळी घातली गेली, तेव्हा मी कॉलेजात होते. खाणीतल्या आणि कारखान्यांतल्या कंत्राटी मजुरांची संघटना त्यांनी उभी केली होती. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाउस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून जास्त माणसं गेली. आमच्या घरी कुणी संघटनेत नव्हतं. वडिलांची नोकरी पक्की होती. पण त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की ज्या रस्त्याने मी सायकलवर जाते, त्याच रस्त्यावर कायदा दोन माणसांना दोन तऱ्हेने लागू पडतो. मी वडिलांना म्हटलं, मला वकील व्हायचंय. त्यांनी तेच सांगितलं जे मराठी घरात सांगतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण ज्याला ती चढावीच लागते, त्याच्याबरोबर चढणारं कुणीतरी शहाणं हवं ना, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

नियोगींच्या खुनाचा खटला दुर्गच्या सत्र न्यायालयात चालला. 1997 च्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मी नवी ज्युनिअर होते. गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप झाली. दुसऱ्याच वर्षी त्या वेळच्या आमच्या उच्च न्यायालयाने, जबलपूरच्या, सगळ्यांना निर्दोष सोडलं. जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. फाईल एकच, साक्षीदार तेच, कागद तेच, आणि तीन न्यायालयांतून तीन निकाल. कायदा शिकायला निघालेल्या मुलाला मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. ती ऐकून काहींना वाटतं, मग यात न्याय कुठे आहे, हे सगळं व्यर्थ आहे. काहींना वाटतं, त्या तिन्ही निकालपत्रांत नेमका कुठे फरक पडला ते वाचायला हवं. पहिल्या मुलाचा संताप खोटा नसतो. पण कायद्याच्या वर्गात दुसरा मुलगा टिकतो.

वाचून काय होतं, तेही सांगते. आमच्यापासून फार लांब नाही, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज आहे. 1972 च्या मार्चमध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, असा त्या निकालाचा सूर होता. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो निकाल ओळीओळीने वाचला आणि सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चार जण. शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती, असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने ते धरून चालायचं, हे तेव्हापासून आलं. कॉलेजात असताना ते पत्र मी एका रात्रीत दोनदा वाचलं. रागावलेल्या माणसाने इतकं शांत आणि इतकं नेमकं लिहावं, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक निकालपत्र पूर्ण वाचायला देते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संकेतस्थळावर फुकट मिळतात, कित्येकांचे मराठी अनुवादही आहेत. या मुलीला मी मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 सालचा निकाल दिला. दहा पानांनंतर झोप येते की पुढे काय म्हणतायत याची उत्सुकता वाटते, हे ज्याचं त्याला कळतं. कल चाचणीसाठी पैसे भरण्यापेक्षा मला हे खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला नकल शाखेच्या खिडकीसमोर उभं केलं आणि माझ्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगितली. मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षात होते. ज्या कार्यालयात काम शिकत होते, तिथे सुपेल्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराचं घराचं प्रकरण होतं. दावा हरला, जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करायचं होतं. त्याला मुदत तीस दिवसांची. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला जितके दिवस लागतात, तितके कायदा त्या मुदतीतून वगळतो. पण नक्कल तयार झाल्यावर ती आपण उशिरा उचलली, तर ते दिवस आपल्याच नावावर पडतात. नक्कल तयार होऊन खिडकीत पडली होती आणि ती आणायला कुणी गेलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल. त्या दुसऱ्यांत मीही होते. अपील एक्केचाळीस दिवस उशिरा दाखल झालं. विलंब माफीचा अर्ज दिला, तो फेटाळला गेला. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे वरच्या कोर्टाने ऐकलंच नाही. तो आमच्यावर ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "बाई, मेरी तरफ से कोई गलती हुई क्या?" तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक मुदत लाल शाईने तीन ठिकाणी लिहिलेली असते.

मुलीने विचारलं, "मग तुम्ही सोडून का नाही दिलं?" मी म्हटलं, त्या रात्री ठरवलं होतं सोडायचं. सकाळी दुसऱ्या एकाची तारीख होती.

दुसऱ्याच्या घरादाराचा हिशोब आपल्या वहीत ठेवायचा, एखादा दिवस चुकला तर त्याचं आयुष्य बदलतं, आणि तरी रात्री झोपून सकाळी उठायचं. हे ज्याला पेलत नाही त्याच्यात काही कमी आहे असं नाही. अतिशय हुशार मुलं मी यातून बाहेर पडताना पाहिली आहेत आणि ती पुढे सुखी झाली. पण ही गोष्ट प्रवेशपुस्तिकेत लिहिलेली नसते.

आता प्रवेशाचं. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो, बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी वगैरे. कुठलीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा एलएलबी असतो. दोन्हींसाठी बार कौन्सिलचा नियम खुल्या गटाला किमान 45 टक्के असा आहे, राखीव गटांना सवलत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर क्लॅट. दोन तास, 120 प्रश्न, इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि थोडं गणित. पेपर इंग्रजीतच असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. आमच्या जवळचं हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ नवा रायपूरला आहे, 2003 सालचं. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते न्यायमूर्ती हिदायतुल्ला रायपूरच्या शाळेत शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, नागपूरलाच वकिली केली, तिथल्या विधी महाविद्यालयात शिकवलं आणि देशाचे सरन्यायाधीश झाले. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथल्या बाकीच्या कायद्याच्या महाविद्यालयांसाठी राज्याची वेगळी सीईटी असते आणि ती मराठीतही देता येते.

क्लॅट आता डिसेंबरमध्येच होते. म्हणजे बारावीची परीक्षा संपल्यावर जागं झालेल्याला पुढच्या डिसेंबरची वाट पाहावी लागते. या मुलीचं तेच झालं. तिच्यासमोर तीन वाटा होत्या. एक वर्ष घरी थांबून क्लॅट, किंवा इथल्याच महाविद्यालयात पाच वर्षांचा प्रवेश, किंवा आधी बीकॉम आणि मग तीन वर्षांचा एलएलबी. मला विचाराल तर साध्या घरच्या आणि मन पक्कं न झालेल्या मुलासाठी शेवटची वाट सगळ्यांत सुरक्षित आहे. एक वर्ष जास्त लागतं, पण अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षी पुन्हा तपासता येतो, आणि कंपनी कायदा किंवा कर कायद्यात बीकॉमचा उपयोग होतो. राष्ट्रीय विद्यापीठात वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर जातो. स्थानिक महाविद्यालयात तो त्याच्या एका छोट्या तुकड्याएवढा असतो. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर विद्यापीठाचं नाव उपयोगी पडतं. जिल्हा न्यायालयात कुणी ते विचारत नाही. न्यायमूर्ती भूषण गवई तर अमरावतीत कायदा शिकले आणि 2025 मध्ये सरन्यायाधीश झाले.

एक इशारा मात्र जोरात देते. घरबसल्या, पत्राने किंवा ऑनलाइन एलएलबी देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. बार कौन्सिल अशी पदवी मानत नाही. वर्गातली 70 टक्के हजेरी आणि प्रत्यक्ष कामाचे आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आणि तीन वर्षांच्याला बारा, हे नियमात आहे. कारखान्यात नोकरी करता करता हजेरी न लावता पदवी घेऊन आलेली माणसं सनदेच्या वेळी रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

पैशाचं वहिनींनी दबक्या आवाजात विचारलं. त्यांनी उघड विचारायला हवं होतं, कारण तोच खरा प्रश्न आहे. पदवीनंतर बिलासपूरला राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी कायद्यात लिहिलेली रक्कमच घ्यावी, खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी काही राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत होते, गरीब घरच्या मुलांसाठी तो निकाल मोठा आहे. मग अखिल भारतीय बार परीक्षा. आणि मग खरी परीक्षा, ज्युनिअरशिपची पहिली तीन-चार वर्षं. मला पहिल्या वर्षी दर महिन्याला जे मिळायचं त्यात बसचं भाडंही निघत नसे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरांना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावेत, अशी सूचना काढली आहे. ती सूचनाच आहे, सक्ती नाही. म्हणून घरातल्या माणसांनी आधीच बसून ठरवावं, पदवीनंतर तीन वर्षं आपण हिला सांभाळणार का? मुलीच्या बाबतीत तर हे लिहून ठेवावं. माझ्याबरोबरच्या चार मुलींपैकी तीन त्याच वर्षांत लग्न होऊन कोर्टाबाहेर गेल्या. त्यांना कायदा कळत नव्हता म्हणून नाही. मिळकत सुरू व्हायच्या आतच घरच्यांची वाट पाहण्याची मुदत संपली म्हणून.

न्यायाधीश व्हायचंय म्हणणारी मुलं खूप असतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. वर्गातून उठून थेट खुर्चीवर, हा रस्ता त्याने बंद केला. मला तो निर्णय पटतो. व्हरांड्यात उभं न राहिलेल्या माणसाने व्हरांड्यातल्या माणसाचा निकाल देऊ नये. पगाराची नोकरी हवी असेल तर बँका, सार्वजनिक उपक्रम, कंपन्यांचे विधी विभाग आहेत, सरकारी अभियोजन अधिकाऱ्याची परीक्षा आहे. मात्र पूर्ण वेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, नियम तसा आहे.

आणि एकदा शिकलं की झालं, असंही नाही. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. पाचशे अकरा कलमांचं पाठांतर आम्ही तीस वर्षं वागवलं, आता तीनशे अठ्ठावन्न नव्याने शिकतोय. 302 म्हटलं की खून, हे लहान मुलालाही ठाऊक होतं, आता ते 103 आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि भिलाईसारख्या कामगारांच्या गावात तर सगळ्यांचीच वही कोरी झाली. आज शिरणारा मुलगा या बाबतीत माझ्या बरोबरीला उभा आहे. त्याला हे भाग्य वाटलं तर चांगलं.

उशीर झाला म्हणून कुणी मागे फिरू नये, असं मला मनापासून वाटतं. सुधा भारद्वाज आयआयटी कानपूरमधून गणित शिकून 1980 च्या दशकात छत्तीसगडच्या खाणमजुरांत आल्या. नियोगींच्या संघटनेचे खटले लढायला भरवशाचा वकील मिळेना, म्हणून 2000 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि आधी दुर्गला, मग बिलासपूरला मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. 2018 मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि डिसेंबर 2021 मध्ये जामीन मिळाला. त्यांच्या राजकारणाबद्दल आमच्या बार रूममध्ये दोन टोकांची मतं आहेत. पण कायदा का शिकायचा, याचं कारण त्यांच्याइतकं स्पष्ट असलेली माणसं मी थोडीच पाहिली. त्यांच्याकडे आधी माणसं होती, कायदा नंतर आला.

तिसऱ्या दिवशी पाटणकडच्या एका गावातून माझी एक वृद्ध पक्षकार आली होती. वडिलांच्या जमिनीत वाटा मागणारा तिचा दावा आहे, भावांच्या विरुद्ध. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतका हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही मिटवली. पण हक्क कागदावर मिळाला तरी शेतावर जायला कोर्टातूनच जावं लागतं. ती पहाटे निघून आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत ऋण पुस्तिका आणि बी-वनची नक्कल घेऊन. माझं दुसऱ्या कोर्टात काम चालू होतं, म्हणून मी मुलीला म्हातारीजवळ बसवलं आणि फाईल तिच्या हातात देऊन म्हटलं, वाचत बस.

अडीच तासांनी मी परत आले तेव्हा दोघी बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. म्हातारी तिला भावांची लहानपणची गोष्ट सांगत होती. मुलीने फाईल मांडीवर उघडी ठेवली होती आणि बी-वनवर बोट धरलं होतं. "मावशी, यात खसरा 412 आहे. तुमच्या दाव्यात 421 लिहिलंय."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिचं बरोबर होतं. माझ्या कार्यालयातून गेलेल्या, मी सही केलेल्या कागदावर आकडे उलटे पडले होते आणि दोन पेशींत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. साक्षी अजून सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून दुरुस्तीचा अर्ज सहज देता येण्याजोगा होता. एकदा साक्षी सुरू झाल्या की कोर्ट विचारतं, आधी का दिसलं नाही? मी तिथेच बाकावर अर्ज लिहायला घेतला.

"दिसलं नसतं तर?" तिने विचारलं.

"भावांच्या वकिलाला दिसलं असतं, शेवटच्या दिवशी. किंवा कुणालाच दिसलं नसतं आणि हुकूमनामा दुसऱ्याच्या शेतावर झाला असता."

ती काही बोलली नाही. अर्ज दाखल झाला, पुढची पेशी मिळाली. म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून मुलीने वहीचं पान फाडून त्यावर तारखेचे आकडे मोठे मोठे काढले आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींना दाखव म्हणून तिच्या पिशवीत, ऋण पुस्तिकेच्या वर, ठेवलं. मग तीच तारीख तिने स्वतःच्या वहीतही लिहिली.

भिलाईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत गप्प बसली होती. वहिनी दारातच उभ्या होत्या, काय ठरलं म्हणून. ती म्हणाली, अजून काही नाही. कुठल्याच महाविद्यालयाचा फॉर्म तिने भरलेला नाही. ओल्गा टेलिसचा निकाल अर्धा वाचून झाला आहे आणि रोज संध्याकाळी ती एखादा शब्द विचारायला येते. पाटणकडच्या आजींच्या पेशीला मी किती वाजता निघणार आहे, हे तिने काल विचारून ठेवलं.